माझ्या माघारी काय व्हावे, हे मी किती ठरवावे?

पत्राचा सारांश: नाशिकला एकट्या राहणाऱ्या, ७४ वर्षांच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेचे पत्र आले आहे. चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान अतिदक्षता विभागात, कृत्रिम श्वासावर बरेच दिवस काढून वारले. त्यानंतर बाईंनी स्वतःच्या अखेरीविषयीच्या सूचना एका वहीत लिहायला घेतल्या. व्हेंटिलेटर लावू नये, देहदान करावे, दहावे-तेरावे करू नये, राहता फ्लॅट मुलाला द्यावा (कारण मुलगी परदेशात सुस्थितीत आहे) आणि आपल्या शाळेत पती-पत्नी दोघांच्या नावे कायमचे पारितोषिक ठेवावे, असे त्यात लिहिले आहे. पुण्याला असणारा मुलगा विषय निघताच उठून जातो. मेलबर्नची मुलगी फोनवर ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणते. दीर म्हणतात की मृत्युपत्र केले की भावंडांत भांडणे लागतात, आणि सगळीकडे नॉमिनेशन झालेले असताना आणखी कागद कशाला? बाई विचारतात, ‘मुले ऐकून घेत नसतील तर वही कपाटात ठेवून गप्प बसावे का? आणि आपली आठवण राहावी असे वाटणे हा अहंकार आहे का?’

आदरणीय बाई,

वहीतल्या ज्या सूचना तुम्ही पत्रात उतरवून पाठवल्या आहेत, त्या सगळ्या एकाच स्वरात आहेत. व्हेंटिलेटर नको, तेरावे नको, फ्लॅट मुलाला, पारितोषिक कायमचे. वर्षानुवर्षे शाळेची परिपत्रके काढलेल्या हाताला हा स्वर सहज येत असणार. परंतु या सर्व गोष्टींवर तुमचा अधिकार सारखा नाही. तुमच्या शरीरावर कोणते उपचार व्हावेत आणि तुमच्या मालकीच्या वस्तूंचे काय व्हावे, हे ठरवण्याचा हक्क निर्विवादपणे तुमचा आहे, आणि तिथे तुम्ही वहीत लिहिले त्याहून अधिक काटेकोर असायला हवे. याउलट तुमच्या जाण्याचे दुःख मुलांनी कोणत्या रीतीने करावे आणि तुम्हाला कसे आठवावे, हा मागे राहणाऱ्यांचा प्रांत आहे. तिथे इच्छा सांगता येते, आज्ञा देता येत नाही. मला वाटते, मुले जी बिचकतात ती बऱ्याच अंशी हे दोन्ही एकाच वहीत, एकाच दमात समोर आल्यामुळे.

आधी फ्लॅटविषयी लिहिते, कारण तिथे तुमचे गृहीतक कायद्याच्या कसोटीवरच टिकत नाही. फ्लॅट यजमानांनी स्वकमाईतून घेतला होता आणि त्यांच्या एकट्याच्या नावावर होता, ते मृत्युपत्र न करता गेले आणि सोसायटीने नॉमिनेशनच्या आधारे तुमचे नाव लावले, असे तुम्ही लिहिले आहे. त्यावरून तो आता संपूर्ण तुमचा झाला असे तुम्ही धरून चालला आहात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्राविना गेलेल्या पुरुषाच्या अशा मालमत्तेत पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना समान हिस्सा मिळतो. त्याची आई हयात असती तर तिलाही मिळाला असता. म्हणजे त्या फ्लॅटपैकी एक तृतीयांश तुमचा आहे, आणि जी मुलगी सुस्थितीत आहे म्हणून तुम्ही तिला वगळू पाहता, तिचा एक तृतीयांश चार वर्षांपूर्वीच तिचा झालेला आहे. तुम्ही मृत्युपत्राने फक्त तुमचा हिस्सा देऊ शकता.

तुमच्या दिरांसारखा गैरसमज अतिशय सुशिक्षित घरांतही आढळतो, म्हणून इतर वाचकांसाठीही हे सांगणे आवश्यक आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मालमत्ता वा रक्कम स्वीकारून ती खऱ्या वारसांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते तो नॉमिनी. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या रकमेबाबत हे डिसेंबर १९८३ मध्ये सांगितले आणि कंपन्यांच्या शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. आयुर्विम्यापुरता २०१५ च्या दुरुस्तीने पती-पत्नी, मुले आणि आई-वडील यांच्या बाबतीत अपवाद झाला आहे, इतकेच. गृहनिर्माण संस्थांमध्ये तर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, वारसाहक्काचा निर्णय होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. नॉमिनेशन अवश्य करावे, कारण त्यामुळे बँकेचे व्यवहार अडत नाहीत, आणि आता बँक ठेवींसाठी चार जणांपर्यंत नावे देता येतात. पण ते झाले म्हणजे वाटणी झाली, असे समजू नये.

यातून मार्ग काय? मुलीची खरोखर इच्छा असेल तर ती भावाच्या किंवा तुमच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देऊ शकते. इथे येणे जमत नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्राची व्यवस्था होते. मात्र त्यासाठी तिला विचारावे लागेल, आणि तुमच्या पत्रात मला तोच भाग कुठे दिसला नाही. तिला पैशांची गरज नाही, हे तुम्ही तिच्या वतीने ठरवले आहे. कदाचित ते खरेही असेल. पण आर्थिक गरज नसणे आणि आई-वडिलांच्या घराच्या कागदांवर आपले नावही नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा सल मृत्युपत्र वाचताना पहिल्यांदा उमटला तर त्याचे उत्तर द्यायला तुम्ही नसाल. मुलाने केलेल्या सेवेची दखल घ्यायची तुमची इच्छा रास्त आहे. ती घेण्यासाठी तुमचा हिस्सा त्याला द्या, आणि तसे करण्याचे कारण मृत्युपत्रातच दोन वाक्यांत लिहा. दिरांना ज्या भांडणांची भीती वाटते ती मृत्युपत्रामुळे कमी आणि अनपेक्षित मृत्युपत्रामुळे अधिक होतात. शिवाय मृत्युपत्र नसले म्हणून वाटणी टळत नाही. ती कायदा करतो, आणि त्याला कोणी किती सेवा केली हे ठाऊक नसते.

प्रत्यक्ष मृत्युपत्र करणे लोकांना वाटते तितके अवघड नाही. ते मराठीत, साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात लिहिले तरी चालते. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ ची मुख्य अट अशी की तुमची सही किमान दोन साक्षीदारांच्या समक्ष व्हावी आणि त्यांनीही तुमच्या समोर सह्या कराव्यात. साक्षीदार मृत्युपत्रातून काही मिळणारे नसावेत, शक्यतो तुमच्याहून वयाने लहान असावेत आणि शोधल्यावर सापडतील असे असावेत. नोंदणी सक्तीची नाही, तरीही तुमच्या वयात ती दुय्यम निबंधक कार्यालयात करून घ्यावी आणि त्याच सुमारास तुमची मानसिक स्थिती उत्तम असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे, असे मी आग्रहाने सांगेन. फ्लॅटचा प्रश्न असल्यामुळे मसुदा एकदा वकिलाला दाखवा. आणि मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडण्यासाठीच ज्या कागदांची धावपळ करावी लागते, त्यांत ती अडकून पडते.

आता उपचारांविषयी. यजमानांच्या शेवटच्या दिवसांचे तुम्ही जे वर्णन केले आहे, ते वाचून ‘व्हेंटिलेटर नको’ ही ओळ कुठून आली हे कळते. ती तुम्ही वहीत लिहिली तेवढ्याने रुग्णालयात कोणी मानणार नाही. त्यासाठी वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला लोक लिव्हिंग विल म्हणतात, ते रीतसर करावे लागते. या कायद्याचा मार्ग महाराष्ट्रातूनच गेला आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे अन्न-उपचार थांबवावेत अशी याचिका झाली तेव्हा त्यांची इतकी वर्षे शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी त्याला ठाम विरोध केला, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो विरोध मान्य केला. दोन्ही बाजूंना त्यांच्याविषयी आस्था होती. स्वतः अरुणा यांना काय हवे होते, याचा मात्र एकही शब्द कोणाजवळ नव्हता. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने असा शब्द आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. आता ते दोन साक्षीदारांसमोर आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. तुमच्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावे त्यात देता येतात. एक प्रत महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एकेक दोन्ही मुलांकडे द्यावी.

तुम्ही स्वतः निर्णय सांगू शकता तोवर हा कागद वापरला जात नाही. तेव्हा तुमचे तोंडचे शब्दच प्रमाण असतात. तुम्हाला बोलता येत नसेल, आजारातून बरे होण्याची आशा नसेल, रुग्णालयातील तीन डॉक्टरांच्या मंडळाने तसे म्हटले असेल आणि दुसऱ्या तीन जणांच्या मंडळाने ते तपासले असेल, तरच कृत्रिम आधार काढता येतो किंवा तो न लावण्याचे ठरवता येते. तेव्हा मुलगा घाईने काही करील, किंवा डॉक्टर सोडून देतील, अशी शंका मुलीला असेल तर तिला हे सविस्तर सांगा. त्याचबरोबर तुमच्या त्या सरसकट वाक्यावर मी एक आक्षेप घेते. ७४ व्या वर्षी न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांच्या व्हेंटिलेटरने तुम्ही पुन्हा घरी येऊन बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालू शकणार असाल, तरीही तो नको आहे का? मला वाटत नाही. तुम्हाला नको आहे ती आशा संपल्यावरही चालू राहणारी यंत्रे. मग तसेच लिहा: बरे होण्याची वाजवी शक्यता असेल तर ठराविक दिवस प्रयत्न करावा, सुधारणा नसेल तर थांबावे, आणि वेदना, धाप व अस्वस्थता कमी करणारे उपशामक उपचार शेवटपर्यंत चालू ठेवावेत. हे शब्द नेमके बसवण्यासाठी तुमच्या डॉक्टरांबरोबर अर्धा तास बसा. यंत्रांची यादी करण्यापेक्षा तुम्हाला कशा स्थितीतले जगणे मान्य नाही, हे सांगणे डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते.

देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. तो भरला म्हणजे काम झाले असे पुष्कळांना वाटते, आणि मग घरचे त्या दिवशी अडचणीत येतात. अर्ज हे इच्छेचे निवेदन आहे. देह प्रत्यक्ष सुपूर्द करतात ते वारस, आणि त्यांनी नको म्हटले तर सहसा कोणतेही महाविद्यालय आग्रह धरत नाही. शवविच्छेदन झाले असेल, काही संसर्गजन्य आजार असतील किंवा देह फार उशिरा पोचला तर तो नाकारलाही जाऊ शकतो. म्हणून पर्यायी इच्छाही लिहा: देहदान शक्य न झाल्यास विद्युतदाहिनी, किंवा जे तुम्हाला योग्य वाटेल ते. नेत्रदान मात्र त्याहून सोपे आहे आणि बहुतेकांना शक्य असते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते. तोवर पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही. नेत्रदान केलेला देहही अनेक महाविद्यालये स्वीकारतात. तुमच्या इथल्या विभागाला आधीच विचारून ठेवा.

दहाव्या-तेराव्याबद्दल मात्र मला तुमच्याशी थोडा वाद घालायचा आहे. तुमचा कर्मकांडावर विश्वास नाही आणि तुम्ही तो आयुष्यभर आचरणातही ठेवलात, याचा मला आदर वाटतो. परंतु ते विधी तुमच्यासाठी नसतील, तुमच्या मुलांसाठी असतील. यजमानांच्या वेळी सुनेने सगळे यथासांग केले आणि मुलगा त्या दिवसांत काहीसा सावरला, असे तुम्हीच लिहिले आहे. मग ‘करू नये’ ऐवजी ‘माझ्यासाठी करण्याची गरज नाही, तुम्हाला करावेसे वाटले तर माझी हरकत नाही’ असे लिहिले तर काय बिघडेल? देहदान आणि विधी एकत्र जात नाहीत, अशी त्यांची समजूत असेल तर तीही दूर करा. देह हाती नसताना प्रतिकृतीवर संस्कार करण्याचा पालाशविधी आपल्या धर्मशास्त्रात पूर्वीपासून आहे. तेराव्याच्या जेवणावळीवर खर्च नको, एवढी अट घालायची असेल तर ती खुशाल घाला. त्यावर मी तुमच्याच बाजूने आहे.

आठवण राहावी असे वाटणे हा अहंकार नाही. फक्त पारितोषिकातल्या ‘कायमचे’ या अटीचा पुन्हा विचार करा. तुमच्याच शाळेच्या दप्तरात अशा ठेवींची यादी असेल. ज्या काळी मुदतठेवीवर दहा-बारा टक्के व्याज मिळत होते, तेव्हा कोणीतरी वडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ५,००० रुपये ठेवले आणि पहिल्या येणाऱ्या मुलीला ५०० रुपये मिळू लागले. आज साडेसहा टक्के दराने त्याच ठेवीवर ३२५ रुपये मिळतात, आणि त्या रकमेत दोन चांगली पुस्तकेही येत नाहीत. बक्षीस समारंभात मात्र कैलासवासी अमुक यांचे नाव वाचले जाते, आणि ते ऐकणाऱ्या मुलीला ते गृहस्थ कोण होते, कशासाठी झटले, हे काहीच माहीत नसते. शिवाय मराठी शाळांची पटसंख्या कशी घसरते आहे, हे तुम्हाला सांगायला नको. २५ वर्षांनी ती शाळा याच स्वरूपात असेल, याची हमी कोण देणार?

त्यापेक्षा रक्कम व्याजासाठी अडकवून न ठेवता दहा वर्षांत मुद्दलासकट संपवण्याचा विचार करा. समजा एक लाख रुपये आहेत. त्यावर व्याजातून वर्षाला सहा-साडेसहा हजार मिळतील; मुद्दलही वापरले तर दहा वर्षे दरवर्षी साधारण १३-१४ हजार खर्च करता येतील, आणि एखाद्या मुलीचा वर्षभराचा बसचा पास आणि वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून निघू शकेल. संस्थेला द्यायच्या पत्रात उद्देश ढोबळ ठेवा आणि परिस्थिती बदलली तर तो बदलण्याची मुभा मुख्याध्यापकांना द्या. त्याहूनही बरे म्हणजे मरणाची वाट न पाहता हे याच जूनपासून सुरू करा. ज्या मुलीला मदत मिळाली तिची आणि तुमची भेट होईल, आणि ठेवीच्या यादीतले नाव तिच्यासाठी नुसते नाव राहणार नाही.

घरातल्या आठवणींसाठी वहीचा उत्तम उपयोग आहे. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे, गाव आणि वर्ष लिहा, कारण तुमच्या सासूबाईंच्या बहिणींना ओळखणारे आता घरात तुमच्याशिवाय कोणी नसेल. तुम्ही पहिल्यांदा नोकरीला लागलात तेव्हा घरी काय घडले, यजमानांशी कोणत्या गोष्टींवरून वाद होत, हेही लिहा. नातवंडांना त्यात सूचनांपेक्षा अधिक रस असेल. बँक खाती, विमा, पेन्शन, मोबाइल आणि ईमेल यांची माहिती मात्र वेगळ्या, साध्या यादीत ठेवा. तिच्यात पासवर्ड लिहू नका, ते कुठे आहेत एवढेच मुलाला सांगून ठेवा.

राहिला मुलांचा प्रश्न. मुलगा उठून जातो त्याचा अर्थ त्याला ऐकायचे नाही, असा तुम्ही लावला आहे. पण तुमच्याच पत्रात असेही आहे की वडिलांना व्हेंटिलेटर लावण्याच्या संमतिपत्रावर सही त्याने केली होती. ‘मला ते तसले काही करू नका’ हे तुमचे वाक्य त्याच्या कानी कसे पडत असेल, याचा विचार करा. त्याला ते त्या सहीवरचा शेरा वाटत असणे अगदी शक्य आहे. म्हणून पुढच्या वेळी सूचनांनी सुरुवात करू नका. तो एकटा असताना, सणवार नसताना, ‘बाबांच्या वेळी तुला सगळ्यात जड काय गेले?’ असे विचारा आणि तो बोलेल ते मध्ये न टोकता ऐका. तेव्हा त्याने जे केले ते योग्य होते, हेही त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. त्यानंतर वैद्यकीय इच्छापत्राचा विषय काढलात तर तो आपल्या खांद्यावरचे ओझे कमी करणारा कागद आहे, हे त्याला उमजेल.

मुलीला फोनवर सांगू नका. तिला पत्र लिहा. दूर असलेल्या अपत्याला प्रत्येक वेळी आपण तिथे नाही याची टोचणी असते, आणि ऐन वेळी सर्व उपचार करा असा आग्रह बहुधा तेच धरते. वैद्यकीय इच्छापत्रात भावाबरोबर तिचेही नाव घाला, म्हणजे निर्णयाच्या वेळी ती बाहेरची राहणार नाही आणि त्याला एकट्याने सही करावी लागणार नाही. फ्लॅटविषयीचा प्रश्नही त्याच पत्रात विचारा, निर्णय कळवू नका.

गप्प बसावे का, असे तुम्ही विचारले आहे. मृत्युपत्र आणि वैद्यकीय इच्छापत्र या दोन्हींसाठी कायद्याने मुलांची परवानगी लागत नाही. ती मिळेपर्यंत थांबू नका. वकील आणि डॉक्टर या दोघांची भेट याच महिन्यात ठरवा, आणि दोन्ही कागद झाल्यावर मुलांना त्यांच्या प्रती द्या, मग ते त्या लगेच वाचोत वा न वाचोत. देहदानाच्या अर्जावर मात्र मुलाची सही येईपर्यंत तो तसाच राहू द्या. त्याच्या मनाविरुद्ध भरलेल्या अर्जाचा त्या दिवशी काही उपयोग होणार नाही, आणि वडिलांविषयी तो एकदा मोकळेपणाने बोलला तर ती सही कदाचित तुम्हाला मागावीही लागणार नाही.